ब्रेक पूर्ण दाबायला शिकले तेव्हा

गाडी चालवायला लागून बरीच वर्षं झाली, पण ब्रेक खरंच शेवटपर्यंत, म्हणजे पाय पूर्ण ताणून कधी दाबलाय का असं कुणी विचारलं असतं तर माझं उत्तर नाही असंच होतं, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचंही तेच असणार. रोजच्या चालवण्यात ती वेळच येत नाही ना. सिग्नल लांबून दिसतो, आपण अलगद पाय ठेवतो, गाडी थांबते, विषय संपला. आणि मग एखाद्या दिवशी समोर कुणीतरी अचानक येतं तेव्हा पाय तेवढंच दाबतो जेवढं त्याला रोज दाबायची सवय आहे. म्हणून इमर्जन्सी ब्रेकिंग शिकवणारा एक कोर्स आहे हे कळल्यावर मी लगेच नाव दिलं. गाड्या आपापल्या आणायच्या, जागा म्हणजे एक लांबलचक मोकळी डांबरी पट्टी, सोबत प्लास्टिकचे कोन, मोजायची टेप, पाण्याचा टँकर, आणि शिकवायला एक सर जे मूळचे फिजिक्सवाले निघाले, त्यामुळे गाडीला हात लावायच्या आधी फळा.

फळ्यावरचं थोडक्यात सांगते कारण ते सगळ्यांनी शाळेत केलेलंच आहे. न्यूटनचं पुस्तक १६८७ चं, त्यातला पहिला नियम: हलणारी वस्तू बाहेरून बल लागल्याशिवाय आपला वेग सोडत नाही. सरांनी विचारलं, गाडीला थांबवणारं हे बाहेरचं बल कोण देतं? सगळे एका सुरात "ब्रेक". सर म्हणाले, ब्रेक तर गाडीच्या आतच आहे, तो बाहेरचं बल कसा देणार? ब्रेक फक्त चाकाचं फिरणं रोखतो, गाडीला मागे ढकलतो तो रस्ता, आणि रस्त्याची आणि गाडीची गाठ पडते फक्त चार ठिकाणी, प्रत्येक टायरखाली जेमतेम तळहाताएवढा भाग. बाराशे किलोची गाडी, वर माणसं, सामान, सगळ्यांचं थांबणं त्या चार तुकड्यांवर. हे ऐकल्यावर ग्रुपमधल्या एकदोघांनी उठून आपापल्या टायरकडे जाऊन बघितलं, मीही त्यातलीच.

त्यानंतर सीट. यात सरांनी इतका वेळ घालवला की कॉलेजचा एक मुलगा वैतागला, पण मला तरी हा भाग सगळ्यात कामाचा वाटला. ब्रेकचं पॅडल पूर्ण तळाला नेल्यावरसुद्धा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ झाला तर जोर संपला. पाठ सीटला पूर्ण टेकलेली हवी, कारण पॅडल जोरात दाबताना शरीर मागे ढकललं जातं, क्रिया-प्रतिक्रिया, तिसरा नियम, आणि मागे टेकायला काही नसेल तर अर्धा जोर स्वतःला मागे सरकवण्यातच जातो. टाच जमिनीवर ठेवून नुसत्या चवड्याने दाबायची सवय असते बऱ्याच जणांना, ती शहरात चालते पण पूर्ण जोराला पाय उचलूनच मारावा लागतो. माझी सीट दोन खाचा पुढे आली आणि आजही तिथेच आहे.

पहिला प्रकार ताशी ४० किमीवरून. कोनाजवळ आलं की क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम, जितक्या जोरात जमेल तितक्या जोरात. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात झालं असं की पहिल्या फेरीत जवळपास सगळ्यांनीच आधी बरा जोर लावला आणि गाडीने नाक खाली घातल्याबरोबर पाय सैल केला, कारण शरीर सांगतं की आता पुरे. सर बाहेरून ओरडतायत "दाबा, दाबून ठेवा, सोडू नका", आणि पाय ऐकतच नाही. हल्लीच्या गाड्यांत ब्रेक असिस्ट देतात ते याचसाठी, पॅडल किती झटक्यात दाबलं गेलं हे बघून गाडी ओळखते की माणसाला खरंच थांबायचंय आणि उरलेला दाब स्वतःच देते.

नाक खाली जाण्याचं कारणही तिथेच कळलं. थांबवणारं बल लागतं खाली रस्त्यापाशी आणि गाडीचा गुरुत्वमध्य असतो वर, साधारण अर्धा मीटरभर, त्यामुळे गाडी पुढे कलंडू बघते, भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची हलकी होतात. म्हणून जोराच्या ब्रेकमध्ये जास्तीचं काम पुढचीच चाकं करतात आणि म्हणूनच कित्येक गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे साधे ड्रम असले तरी निभतं.

आता आकडे. हा भाग मी घरी येऊन परत कागदावर केला, कारण तिथे डोळ्याने दिसलं तरी पटायला वेळ लागला.

कोरड्या डांबरावर चांगले टायर असलेली गाडी पूर्ण ब्रेकमध्ये दर सेकंदाला आपला वेग साधारण ७ मीटर प्रति सेकंदाने कमी करते, म्हणजे ताशी पंचवीस किमी दर सेकंदाला. नवी गाडी, उत्तम टायर असतील तर याहून जास्त, पण सरांनी हिशेबाला ७ धरलं. वेगाचा (मीटर प्रति सेकंदात) वर्ग भागिले दुप्पट मंदन, म्हणजे तेच ७, झालं ब्रेकचं अंतर. ४० किमीला ते येतं पावणेनऊ मीटर. आम्ही टेपने मोजलं तेव्हा गाडीगणिक आठ ते दहा भरलं, म्हणजे फळा आणि रस्ता बरेच जवळ होते. मग सर म्हणाले आता ८० ने या. वेग दुप्पट, तर अंतर किती? कॉलेजच्या मुलाने बरोबर सांगितलं की चौपट, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. पण चौपट हे तोंडाने म्हणणं वेगळं आणि ८० ने येऊन पूर्ण ब्रेक मारून, उतरून, कोनापासून गाडीपर्यंत टेप धरून चालत जाणं वेगळं. टेप संपत आली तरी आपण चालतोच आहोत. पस्तीस मीटर.

त्यात एक गोष्ट अशी आहे जी मला शाळेत कुणी सांगितल्याचं आठवत नाही. ८० वरून थांबायला पस्तीस मीटर लागले, त्यातल्या पहिल्या सव्वीस मीटरमध्ये गाडी फक्त ८० वरून ४० वर आली. उरलेला निम्मा वेग शेवटच्या पावणेनऊ मीटरमध्ये गेला. असं का? तर वेळ दोन्हींना सारखाच लागतो, दीड-पावणेदोन सेकंद हे पहिले ४० उतरायला आणि तेवढाच वेळ दुसरे ४० उतरायला, पण पहिल्या वेळी गाडी जोरात पळत असते त्यामुळे तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त रस्ता खाते. याचा अर्थ असा की अडथळा गाडी थांबण्याच्या जागेपेक्षा दोनच मीटर अलीकडे असेल तर "अगदी थोडक्यात धडकली" असं आपण म्हणतो तेव्हा ती गाडी धडकताना ताशी १९ किमीने चाललेली असते. आणि अर्ध्या अंतरावर असेल तर ५७ ने, म्हणजे अर्धा ब्रेक मारून झाल्यावरही जेमतेम एक तृतीयांश वेग कमी झालेला असतो.

याचं प्रात्यक्षिक त्यांनी फार छान घेतलं. सर झेंडा घेऊन बाजूला उभे. एक गाडी ताशी ५० ने येणार, झेंडा खाली पडला की ब्रेक. ती जिथे थांबली तिथे पुढच्या बंपरच्या रेषेत कोन. मग तीच गाडी, तोच ड्रायव्हर, ६० ने, झेंडा त्याच जागी. यात रिअॅक्शनचा एक सेकंद धरून हिशेब असा होतो की ५० ची गाडी चौदा मीटर ब्रेकआधी आणि चौदा मीटर ब्रेकमध्ये, एकूण अठ्ठावीसच्या आसपास थांबते. ६० वाली त्या एका सेकंदातच सोळा-सतरा मीटर पुढे जाते, ब्रेकला तिच्याकडे अकरा मीटरच उरतात, आणि त्या अकरा मीटरमध्ये ती किती हळू होते माहितीये? ६० वरून ४० पर्यंत. म्हणजे जिथे पहिली गाडी शांत उभी आहे तिथून दुसरी ताशी ४० किमीने पुढे जाते. ड्रायव्हर होते आमच्यातले एक काका, पूर्वी ट्रक चालवलेले. गाडीत डेटा लॉगर होता, कोनापाशी वेग ४२ दाखवला. काका उतरले, कोनाकडे बघितलं, म्हणाले "दहाचाच तर फरक होता". कुणीच काही बोललं नाही, मग सरांनी पुढचा विषय काढला.

रिअॅक्शन टाइमचा आधी एक खेळ घेतला होता तो सांगायचा राहिला. समोरच्याने पट्टी उभी धरायची, आपण खाली बोटं उघडी ठेवायची, त्याने न सांगता सोडली की पकडायची. पट्टी वीस सेंटिमीटर घसरली म्हणजे तुम्हाला ०.२ सेकंद लागले, तीस घसरली तर पाव सेकंद, साधा मुक्त पतनाचा नियम. सगळ्यांचे आकडे मस्त आले आणि सगळे खुश. मग सर म्हणाले इथे तुम्हाला माहीत होतं काय होणारे, बोटं तयार होती आणि निर्णय काहीच घ्यायचा नव्हता. रस्त्यावर आधी दिसलं पाहिजे, मग कळलं पाहिजे की हे काय आहे, मग ठरलं पाहिजे की ब्रेक का स्टिअरिंग, मग पाय अॅक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर गेला पाहिजे, म्हणजे लक्ष असलेल्या माणसालाही एक ते दीड सेकंद सहज. ८० ला एक सेकंद म्हणजे बावीस मीटर. फोनवर फक्त दोन सेकंद नजर गेली तर चव्वेचाळीस मीटर गाडी तुमच्याशिवाय चालली, आणि त्यानंतर रिअॅक्शन, आणि त्यानंतर ते पस्तीस. पुढच्या गाडीशी अंतर मीटरमध्ये मोजायच्या भानगडीत न पडता सेकंदात का मोजायचं ते इथे कळतं, पुढची गाडी एखाद्या खांबापासून पुढे गेली की मोजायला सुरुवात, आपण तिथे पोचायला किमान दोन सेकंद, पाऊस असेल तर चार. वेग वाढला की अंतर आपोआप वाढतं.

यानंतर वजनावरून वाद झाला, आणि तो माझा आवडता भाग. काका म्हणाले, लोड असेल तर गाडी थांबत नाही, आयुष्य गेलंय आमचं त्यात. सर म्हणाले, "काका, तुमच्याच गाडीत चार जणं बसवू आणि बघू." बसलो. ६० ने आलो, पूर्ण ब्रेक, मोजलं, आणि अंतर जवळजवळ तेवढंच, फार तर मीटरभर जास्त. काकांना हे अजिबात आवडलं नाही.

गणित सरळ आहे. वस्तुमान वाढलं की गतिज ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते, पण टायरवर भारही त्याच प्रमाणात वाढतो आणि घर्षण भारावर अवलंबून, म्हणून वर आणि खाली दोन्हीकडचं वस्तुमान कटून जातं, हाती राहतो वेग, घर्षणांक (टायर-रस्त्याची पकड किती ते सांगणारा आकडा) आणि गुरुत्व त्वरण. पण, आणि हा पण मोठा आहे, हे तेव्हाच खरं जेव्हा ब्रेकमध्ये टायरला त्याच्या पकडीच्या टोकापर्यंत नेण्याची ताकद आहे. तेवढ्याच अंतरात थांबायला लोडेड गाडीत पॅडल जास्त दाबावं लागतं, आणि उष्णता जास्त तयार होते. काकांच्या ट्रकची गोष्ट वेगळी कारण तिथे एअर ब्रेक, पॅडल दाबल्यापासून हवा चाकापर्यंत पोचायलाच सेकंदाचा काही भाग जातो, टायरचं रबर टिकण्यासाठी बनवलेलं असतं त्यामुळे पकड कारच्या टायरपेक्षा कमी, आणि ओव्हरलोड असेल तर ब्रेक आधी हरतात. तेव्हा काकांचा अनुभव खराच होता, फक्त कारण वेगळं होतं. हे सरांनी सांगितल्यावर काका जरा खुलले.

उष्णतेचा हिशेब मी इथे देते कारण तो मला भारी वाटला. बाराशे किलोची गाडी ८० ने चाललीये, ऊर्जा जवळपास ३०० किलोज्यूल. ती तीनेक सेकंदात थांबते, म्हणजे ब्रेक सरासरी ९० किलोवॉटपेक्षा जास्त दराने ऊर्जा गिळतायत, म्हणजे सव्वाशे हॉर्सपॉवर. साध्या छोट्या कारच्या इंजिनात एवढी ताकद नसते. म्हणूनच ० ते १०० ला ती बारा-पंधरा सेकंद घेते आणि १०० ते ० ला चार. गाडीतली सगळ्यात ताकदवान गोष्ट इंजिन नसून ब्रेक आहे आणि जाहिरातीत मात्र पहिलाच आकडा लिहितात.

दुपारी टँकर आला आणि रस्ता ओला केला. एक जुनी गाडी त्यांच्याकडेच होती, एबीएस (ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली, ती घेऊन एकेकाने जायचं होतं. ५० ने येऊन पूर्ण ब्रेक, आणि मग समोरचा कोन टाळायला स्टिअरिंग डावीकडे. मी ब्रेक मारला, चारही चाकं जाम, एक लांब खरडल्यासारखा आवाज, आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलेलं असताना गाडी आरामात सरळ चाललीये. हे वाचून समजेल असं नाही. हातात स्टिअरिंग आहे, ते वळलंय, पुढची चाकं वळलेली आहेत आणि त्याचा गाडीवर शून्य परिणाम. कोन आडवा. मग सर खिडकीतून म्हणाले, "ताई, आता परत करा आणि कोन दिसला की ब्रेक जरा सैल सोडा." सोडला, चाकं फिरायला लागली, आणि गाडी एका झटक्यात डावीकडे गेली.

फिरणाऱ्या चाकाचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी रस्त्यावर जवळजवळ स्थिर असतो, तिथे स्थितिक घर्षण मिळतं. चाक जाम झालं की रबर रस्त्यावरून घसटत जातं, आता गतिक घर्षण, ते कमी, आणि घसटणाऱ्या टायरला दिशा कळत नाही, जिकडे गाडी चाललीये त्याच्या बरोबर उलट ते ओढतं, बस. एबीएसचं काम एवढंच आहे की प्रत्येक चाकाचा वेग बघत राहायचा, एखादं एकदम थांबायला आलं की त्याचा दाब सोडायचा, परत द्यायचा, परत सोडायचा, सेकंदाला कितीतरी वेळा. इलेक्ट्रॉनिक पद्धतीचं हे बॉशने बनवलेलं आणि १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये पहिल्यांदा विकायला आलेलं, आज छोट्या गाड्यांतही असतं. आपल्या गाडीत ते चालू झालं की कसं वाटतं हे बहुतेकांना माहीतच नसतं आणि तो सगळ्यात मोठा धोका आहे, कारण पॅडल पायाखाली थडथडायला लागतं, खालून टरटर आवाज येतो, आणि माणूस घाबरून पाय उचलतो की काहीतरी तुटलं. सरांचं दिवसभरातलं सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य "थडथडलं तरी पाय उचलू नका". माझ्या गाडीने ओल्यात तोच कोन पूर्ण ब्रेक दाबून ठेवून, वळून, टाळला.

एबीएस म्हणजे गाडी लवकर थांबते असं मात्र सरसकट नाही. सुट्या खडीवर किंवा ताज्या बर्फावर जाम झालेलं चाक पुढे ढीग गोळा करतं आणि त्या ढिगामुळे उलट लवकर थांबतं, तिथे एबीएसवाली गाडी जास्त लांब जाऊ शकते. फायदा वळता येण्याचा आहे.

ओल्यातलं अंतर मोजलं तेव्हा फळ्यावरचे घर्षणांक आठवले, कोरडं डांबर ०.७ ते ०.९, ओलं ०.४ ते ०.६, बर्फ तर ०.१ च्या आसपास. ०.४५ धरलं तर ८० वरून पस्तीसऐवजी छप्पन मीटर. पाऊस सुरू झाल्याझाल्याचा वेळ सगळ्यात वाईट कारण रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ पाण्यात मिसळून तिचा थर होतो, नंतर ते धुऊन जातं. आणि पाणी साचलेलं असेल तर टायरच्या नक्षीने ते बाजूला फेकायला वेळ मिळाला पाहिजे, वेग जास्त आणि नक्षी झिजलेली असेल तर टायर पाण्यावरच चढतो, मग घर्षणांक वगैरे विसरा, ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही, अॅक्सिलरेटर सोडून, स्टिअरिंग सरळ धरून पकड परत येण्याची वाट बघायची.

वळणाचा प्रकार शेवटी घेतला. एका टायरची पकड ठराविक असते आणि ती वळायला वापरा नाहीतर थांबायला, बेरीज पायथागोरससारखी होते. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० ने घेतलं तर वळण्यासाठीच ५.६ मीटर प्रति सेकंद वर्ग लागतात, ७ मधले, आणि मग ब्रेकला उरतात साधारण ४.३. सातातून साडेपाच गेले म्हणजे दीडच उरले असं वाटतं, तसं नाही, वर्ग वजा होतात, एवढाच दिलासा. ओल्यात मात्र एकूण पकडच साडेचारच्या आसपास असते, त्यामुळे ब्रेक न मारताही ते वळण ६० ने होत नाही, गाडी बाहेर जाणार. वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना वेग उतरवायचा असं सगळेच सांगतात, हे त्याचं गणित.

उताराचं तिथे करता येण्यासारखं नव्हतं म्हणून नुसतं सांगितलं. बाराशे किलोची गाडी १०० मीटर उंची उतरली की जवळपास १२०० किलोज्यूल सुटतात, म्हणजे ८० वरून चारदा पूर्ण थांबण्याएवढी उष्णता. पाचशे मीटरचा घाट म्हणजे असं वीस वेळा, आणि पाय सतत ब्रेकवर असेल तर ती थंड व्हायला मधे वेळच नाही. पॅड तापून पकड सोडतात, त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नाही म्हणून जी सगळी पास्कलच्या नियमाची रचना चालते ती बंद पडते, कारण वाफ दाबली जाते. पॅडल तळाला जातं आणि काहीच होत नाही. म्हणून खालचा गिअर, म्हणजे इंजिन ओढून धरतं आणि उष्णता तिकडून निघते. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल सर जे बोलले ते इथे लिहीत नाही. वाचतही नाही म्हणा, गिअरमध्ये पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की आजच्या गाड्या इंधन जवळपास बंदच करतात.

काकांनी मधेच विचारलं की इंजिन बंद पडलं तर ब्रेक लागतो का. लागतो, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एकदोनदा नेहमीसारखा, नंतर दगडासारखा घट्ट होतो पण जोर लावला तर लागतोच, म्हणून अशा वेळी पॅडल पंप करत बसायचं नाही, एकदाच दाबून धरून ठेवायचं.

ब्रेक पुरला नाही तर काय, यावर फार वेळ गेला नाही. ५० ने धडकून गाडीचा पुढचा भाग अर्धा मीटर चेपला तर आतल्या माणसाला साधारण वीस पट गुरुत्वाएवढा झटका बसतो, सत्तर किलोच्या माणसासाठी जवळपास चौदाशे किलोचा भार. तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट तो भार छाती आणि कमरेच्या हाडांवर पसरवतो, व्होल्वोच्या निल्स बोहलिनने तो १९५९ मध्ये आणला. मांडीवरच्या दहा किलोच्या बाळाला त्या क्षणी दोनशे किलोचा जोर लावून धरावं लागेल, आणि तेवढा कुणाच्याच हातात नसतो. ग्रुपमधल्या एका बाईंनी तिथेच चाइल्ड सीट कुठली घ्यावी विचारायला सुरुवात केली.

संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या तपासल्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशाला उकळलं पाहिजे असं मानक आहे, पण पाणी मुरलं की तेच १५५ पर्यंत चालतं असं धरलेलं असतं, म्हणून किलोमीटर कितीही झालेले असोत, साधारण दोन वर्षांनी बदलायचं. टेस्टर पेन बुडवल्यावर एकदोन गाड्यांचा लाल दिवा लागला, त्यातली एक जेमतेम वापरलेली, नुसती उभी असायची. माझं ऑइल ठीक निघालं. टायरची नक्षी पुढच्यांची चांगली होती, मागच्यांची २ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बऱ्याच देशांत कायद्याने जी १.६ ची मर्यादा आहे त्याच्या वर, पण सरांनी मान हलवली, ओल्यात पकड त्याच्या बऱ्याच आधी कमी व्हायला लागते म्हणे. मी मागचे दोन्ही बदलून घेतले. दुकानात त्यांनी नेहमीप्रमाणे नवे पुढे आणि पुढचे मागे टाकू का विचारलं, ब्रेकचं काम पुढचे जास्त करतात या हिशेबाने ते बरोबरही वाटतं. पण पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग उतरला की परत हातात येते, मागची सुटली तर गाडी गोल फिरते आणि ती सावरणं आपल्यासारख्यांचं काम नाही, शिवाय ब्रेक मारताना मागची आधीच हलकी झालेली असतात. म्हणून नवे टायर मागेच बसवायला सांगितले.